जोड

सप्टेंबरातला दुसरा शनिवार अजून कोराच.
भिंतीवरच्या तक्त्यात मी पेन्सिलीनं लिहिते,
शाई या कॉलेजला परवडत नाही.

एल्डन, नेब्रास्का. वस्ती एकतीसशे.
धान्याचा एक उंच मनोरा, एक मैदान,
आणि मैदानाच्या टोकाला रूळ –
मालगाडी जाईपर्यंत पंच शिट्टी तोंडात धरून उभा.

फोनवर आत्याला दरवेळी नव्यानं सांगते:
तो फुटबॉल नव्हे गं, हातात धरून पळतात तो, लांबट चेंडूचा.
मग त्याला फूट कशाला म्हणतात?
चौदा वर्षं झाली, मला उत्तर सापडलेलं नाही.

कोच क्रेचेक दारातूनच बोलतो,
बुटांचा चुना गालिच्यावर सांडेल म्हणून.
"गेल्या मोसमात त्या बायबल कॉलेजला बावन्न-शून्य हरवलं.
काय शिकली पोरं?
फोटोसाठी केस विंचरायला.
कोणीतरी मोठा बघ, हेमी.
पोरांना कळू दे, दार किती जड असतं."

आप्पा जत्रेच्या मैदानात जोडी लावायचे.
वजनकाटा नसायचा. मनगट चाचपायचं,
मानेवर थाप मारायची,
मग कान बघायचे.
कान मोडलेला असला की हिशोब वेगळा.
जोड चुकली तर लोक पैलवानाला काही म्हणत नसत,
आप्पांना शिव्या घालत. ते मान खाली घालून ऐकायचे.

माझ्याकडे फक्त टेलिफोन.
पलीकडे विद्यापीठाचा माणूस, आवाज गुळगुळीत:
साठ हजार डॉलर. बस तुमची, जेवण तुमचं.

आप्पांच्या मैदानात इनाम जिंकणाऱ्याला.
इथे पडण्याचा भाव आधी ठरतो.

व्यायामशाळेचं छत गळत होतं.
सॉफ्टबॉलच्या मुली पालकांच्या गाड्यांतून सामन्याला जात होत्या.
सही डॉ. लिंडक्विस्टांची,
पण "हो" माझ्या तोंडातून गेलं.

एकोणसाठ-तीन.
ते तीन आमचे, हे सांगायला नकोच.

हरणाऱ्या संघात पंटरइतकं काम कोणाला नसतं.
ओवेन टिमरमन, नर्सिंगचं दुसरं वर्ष,
नऊ वेळा मैदानात गेला.
सहाव्यांदा त्यानं मारलेला चेंडू
दिव्यांच्या वर गेला आणि दिसेनासा झाला.
चाळीस हजार माना वर.
चेंडू खाली येईतो
कोण जिंकतंय हे कोणाच्या ध्यानात नव्हतं.
मग टाळ्या. त्यांच्या लोकांच्या.
मनात म्हटलं, आत्या, हा बघ फूट.

परतीच्या बसमध्ये मालाकाई माझ्या पुढच्या सीटवर,
निखळलेल्या खांद्यावर बर्फाची पिशवी धरून.
अठरा वर्षांचा. झोपेत ओठ हलत होते.
बाहेर मक्याची शेतं, अंधार, मधूनच एखादा पेट्रोल पंप,
आणि त्या उजेडात
मला त्याचा कान दिसला.
कोवळा. अख्खा.
मी खिडकीकडे तोंड केलं.

गुरुवारी चेक आला. छत झालं.
कोच म्हणाला, पुढचे पाच सामने जिंकलो बघ.
खरं आहे. चार जिंकले.
मालाकाई अजून डाव्या हातानं जेवतो.
जानेवारीत ओवेननं बदलीचा अर्ज भरला,
आणि तो गेला त्याच विद्यापीठात, पूर्ण शिष्यवृत्तीवर.
जाताना मला डोनटचा डबा देऊन गेला.

आज पुन्हा तोच नंबर फिरवला.
मी पासष्ट हजार मागते.
पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.
ओवेन कसा आहे, मी विचारते, आपली वेळ भरायला.
"मजेत. पोरगा गुणी आहे," तो म्हणतो,
"पण आमच्याकडे त्याला मैदानात जावंच लागत नाही फारसं."

बाहेर मालगाडी लागली. डबे संपेनात.
मी कान फोनला लावून थांबले आहे.
पेन्सिलीला टोक काढलेलं आहे.